दयालसिंहांचं मृत्युपत्र वाचा, मग ‘नाव मिरवायला’ म्हणा

“सरदार-जहागीरदारांनी शाळा-कॉलेजं काढली ती फक्त नाव मिरवायला.” हा फॉरवर्ड आज सकाळपासून फिरतोय आणि खाली अंगठ्यांची रांग लागलीय. डोकं फिरलं.

नाव मिरवायचं तर माणूस जिवंतपणीच वाडा बांधतो. आपल्यामागे इस्टेट पोरांच्या शिक्षणाला जावी म्हणून पक्का कागद करणं ही वेगळीच कटकट आहे. लाहोरच्या सरदार दयालसिंह मजिठियांचं बघा. वडील लेहनासिंह रणजितसिंहांच्या दरबारातले. यांनी स्वतः १८८१ मध्ये ‘ट्रिब्यून’ हे वृत्तपत्र काढलं, पंजाब नॅशनल बँकेचे ते पहिले अध्यक्ष. मूलबाळ नाही. १८९५ मध्ये मृत्युपत्र केलं आणि त्यात कॉलेज, वाचनालय, वृत्तपत्र यांचे तीन वेगळे ट्रस्ट ठेवले. एकाचं भांडण दुसऱ्याला बुडवू नये असा सरळ हिशोब, आणि आजही हे कुणी करत नाही.

१८९८ मध्ये ते वारले. कॉलेज उघडलं १९१० साली! त्यातली पहिली पाच वर्षं कोर्टानं खाल्ली. पत्नी राणी भगवान कौर यांचा दावा असा की सरदार शीख घराण्यातले, ब्राह्मो समाजाच्या सुधारक विचारांचे, खाण्यापिण्याचे नियम न पाळणारे, तेव्हा ते हिंदू कसले आणि हिंदूंचा प्रोबेट कायदा (प्रोबेट म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता) त्यांना लागतो कसा? १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या सर्वात वरच्या कोर्टानं, सांगितलं, ते हिंदूच. माणसाला कॉलेज हवं होतं आणि लंडनचे न्यायाधीश त्याच्या ताटात काय होतं ते बघत बसले.

बाईंवर मात्र तुटून पडू नका. नवरा गेलाय आणि इस्टेट ट्रस्टकडे चाललीय. कोर्टात कोण जाणार नाही? म्हणून मृत्युपत्रात पत्नीची सोय आधी लिहायची, कोणत्या मिळकतीतून आणि वर्षाला किती ते आकड्यात. दानाचं कलम त्याच्या खाली.

हो, तो पैसा रयतेच्या घामाचा होता, मान्य. पुढे.

आपल्याकडे काय चालतं? “माझी जमीन चांगल्या कामाला द्यावी.” एवढंच! मुंबईच्या एका खटल्यात १८९९ सालीच प्रिव्ही कौन्सिलनं ‘धर्मासाठी’ ठेवलेली देणगी संदिग्ध म्हणून रद्द केली होती. १९५० च्या आपल्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानं त्यात सवलत दिली, पण सवलतीच्या भरवशावर कुणी शाळा काढतं का? गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा लिहा. कोणत्या गावात, कितवीपर्यंतची, कुणाच्या मुलांसाठी, ते लिहा. दोन साक्षीदार लागतातच; ते आपल्याहून वयानं लहान घ्या, नाहीतर कोर्टात उभं राहायला कुणी उरत नाही.

खरी माती पुढे होते. मृत्युपत्रानं ट्रस्ट झाला असेल तर व्यवस्थापकानं, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणायला नेमलेल्या माणसानं, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीचा अर्ज प्रोबेटपासून एक महिन्यात किंवा मृत्यूपासून सहा महिन्यांत, जे आधी येईल त्यात, करायचा असतो. तो बिचारा तेराव्याच्या जेवणात अडकलेला. तोवर सातबारावर वारसनोंद चढते, दोन वर्षांत गट विकला जातो आणि शाळा कागदावरच राहते. म्हणून व्यवस्थापक एक नको, दोन नेमा, आणि एक घराबाहेरचा.

आणि नावाचंच म्हणाल तर ऐका. फाळणीनंतर लाहोरचं कॉलेज पाकिस्तानात गेलं, सरकारी झालं, तरी दयालसिंह नाव तिथे आजही आहे. २०१७ मध्ये दिल्लीतल्या त्यांच्याच नावाच्या सांध्य कॉलेजच्या व्यवस्थापनानं मात्र ते बदलून ‘वंदे मातरम महाविद्यालय’ करायचं ठरवलं. ओरड झाली, संसदेत विषय निघाला, तेव्हा कुठे ते थांबलं. मिरवायला कोण निघालं होतं, दयालसिंह?

ज्या संस्था अशा देणगीवर उभ्या आहेत त्यांनी एवढं तरी करा: मूळ मृत्युपत्राची प्रमाणित प्रत कपाटातून काढा आणि पुढच्या विश्वस्त सभेत मोठ्यानं वाचा.