गॅस काढून घेतल्यावर खतात उरतं काय? (प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली, चिडून लिहिलीय पण मुद्दे आहेत म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं की कोंबडीच्या विष्ठेतून बायोगॅस काढला की खताचा कस निघून गेला, मागे नुसता चोथा उरतो, शिवाय तुमचा डायजेस्टर (विष्ठा कुजवून गॅस करायची बंद टाकी) दोन महिन्यांत बंद पडला आणि गॅस कमी झाला म्हणून जास्त विष्ठा टाकली तरी काही झालं नाही.

आधी कसाचं. बायोगॅस म्हणजे मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड, यात नायट्रोजन कुठे आहे सांगा बरं? जातो तो कार्बन. नत्र (म्हणजेच नायट्रोजन), स्फुरद, पालाश जवळजवळ सगळं स्लरीतच, म्हणजे गॅस निघाल्यावर उरणाऱ्या पातळ खतातच राहतं, उलट विष्ठेतलं युरिक ॲसिड आणि प्रथिनं फुटून बरंचसं नत्र अमोनियमच्या (पाण्यात विरघळलेल्या अमोनियाच्या) रूपात येतं, जे पिकाला लगेच घेता येतं. म्हणून तर स्लरी हात राखून द्यायची.

आता बंद का पडला. कोंबडीच्या विष्ठेत कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण साधारण १० किंवा त्याहूनही कमी असतं आणि डायजेस्टरला २० ते ३० मानवतं. नत्र जास्त म्हणजे अमोनिया जास्त, आणि तो सगळ्यात आधी मिथेन करणाऱ्या जंतूंचाच गळा धरतो. तुम्ही लिहिलंय की झाकण उघडलं की डोळे झोंबायचे आणि शेगडीची ज्योत उचलून विझायची, अहो तेच तर लक्षण! त्या वेळी अजून माल टाकणं म्हणजे अजीर्ण झालेल्याला आग्रहाचं जेवण. तेव्हा भरणं थांबवायचं, पाणी वाढवायचं (घन भाग ८-१० टक्क्यांच्या वर नको), आणि चालू झाल्यावर थोडा थोडा पालापाचोळा किंवा शेण मिसळत जायचं. आणि गरम करू नका, तापमान चढलं की मोकळा अमोनिया अजून वाढतो. तळाला अंड्याची टरफलं न् वाळू बसते ते वेगळंच, फावडं मारलं की खरखर आवाज येतो, तेवढी जागा वाया गेली म्हणून समजा.

एका बाबतीत मात्र तुम्ही बरोबर आणि मी चूक. मी मूळ पोस्टमध्ये लिहिलं होतं "स्लरी उन्हात वाळवून पोती भरा". चुकलंच ते, कारण स्लरीचा पीएच (आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा) ८ च्या आसपास, म्हणजे अल्काकडे असतो आणि उघड्यावर पसरली की तेच अमोनियाचं नत्र हवेत उडतं, म्हणजे टाकीत जपलेलं खळ्यावर घालवलं. स्फुरद राहतं, पण तुम्हाला चोथा वाटला तो बहुतेक माझ्याच सल्ल्याने झाला असणार. ओलीच द्या, संध्याकाळी, सरीत, आणि लगेच मातीआड करा. पोस्टमध्ये दुरुस्ती करतोय.

रोगजंतूंचं विचारलंत. टाकीतल्या ३५-३७ अंशांवर साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) कमी होतो, पूर्ण मरतोच अशी खात्री नाही, त्यासाठी ७० अंशांवर एक तास तापवावं लागतं. तेवढी सोय नसेल तर कच्च्या खायच्या पालेभाज्यांना ही स्लरी नकोच. आणि खाद्यातून आलेलं तांबं-जस्त कुठे जात नाही, ते जमिनीत साठत राहतं, त्यामुळे दरवर्षी त्याच तुकड्यात ओतू नका.

टाकी अजून रिकामी केली नसेल तर आधी पीएच पट्टी बुडवून बघा आणि आकडा इथेच टाका, मग पुढचं बोलू.