डाळ बंद, काढा सुरू : सिरोसिसच्या रुग्णाला हा सल्ला देऊ नका

सिरोसिसचे, म्हणजे यकृतात व्रण साचून ते निकामी होत जाण्याच्या आजाराचे, निदान झाले की त्या घरातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर एक संदेश हमखास येतो. त्याचा आशय असा : यकृत स्वतःहून पुन्हा वाढते, म्हणून घाबरू नये, डाळ, दूध, अंडी बंद करून त्याला विश्रांती द्यावी, साध्या मिठाऐवजी सैंधव वापरावे, रोज गुळवेलीचा काढा घ्यावा, आणि पोटातले पाणी सुईने काढू देऊ नये, कारण ते पुन्हा भरतेच. माझ्या काकांच्या घरी हा संदेश दीड महिना तंतोतंत पाळला गेला, म्हणून त्यातले एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान निम्मे खरे आहे आणि म्हणूनच ते फसवते. निरोगी माणसाने यकृताचा मोठा भाग दान केला, तरी उरलेला भाग काही महिन्यांत जवळजवळ मूळ आकाराचा होतो. सिरोसिसमध्ये मात्र वर्षानुवर्षांच्या इजेमुळे यकृतभर व्रणाच्या पट्ट्या पडलेल्या असतात. नव्या पेशी त्यांच्यात अडकून गाठी बनतात, आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही, त्याचा दाब वाढतो आणि त्यातूनच पोटात पाणी साचते व अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. दारू पूर्ण सोडल्यास किंवा हिपॅटायटिस बी-सीवर औषध घेतल्यास हे व्रण काही अंशी मागे हटू शकतात. नुसती वाट पाहून ते हटत नाहीत.

डाळ बंद करण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. प्रथिनांपासून अमोनिया तयार होतो आणि तो मेंदूपर्यंत पोहोचून रुग्णाला भ्रम होतो, या समजुतीने एके काळी डॉक्टरही प्रथिने कमी करायला सांगत. परंतु यकृत थकल्यावर अमोनियाची विल्हेवाट लावण्याचा बराचसा भार स्नायूंवर येतो, आणि प्रथिने तोडली की तेच स्नायू झडतात. म्हणून आजची शिफारस दर किलो वजनामागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनांची आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. शिवाय झोपण्यापूर्वी थोडे खाणेही आवश्यक असते, कारण या रुग्णांचे शरीर एका रात्रीच्या उपवासातच स्नायू मोडू लागते. (कडक एकादशी त्यांनी करूच नये.) काकांच्या ताटात पेज आणि उकडलेला दुधी एवढेच उरले होते. पोट घागरीसारखे आणि दंड काठीसारखे झाले. मग एके दिवशी त्यांना बँकेच्या स्लिपवर सही जमेना, आणि हात पुढे करून पंजे मागे वाकवायला सांगितले की ते फडफडू लागत. हीच त्या भ्रमाची चिन्हे.

सैंधवाविषयी फार लिहायला नको : तेही सोडियम क्लोराइडच आहे. पोटात पाणी असलेल्या रुग्णाने दिवसभरात सुमारे 5 ग्रॅमपर्यंतच मीठ घ्यावे, आणि त्यात पापड-लोणच्यातले मीठही मोजावे.

गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात अपायकारक असू शकते, अशी आयुष मंत्रालयाची भूमिका होती. ती मान्य केली, तरी कुंपणावरची वेल नेमकी कोणती हे घरात कोण ओळखणार? धडधाकट यकृत जी चूक कदाचित सोसेल, ती सिरोसिस झालेले यकृत सोसेलच असे नाही.

राहिले पोटातले पाणी. ते पुन्हा भरते हे खरे, पण तेवढ्यासाठी रुग्णाला धाप लागलेली ठेवायची का? 5 लिटरहून अधिक पाणी काढल्यास शिरेतून अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन देतात, त्यामुळे रक्तदाब आणि मूत्रपिंडे सांभाळली जातात. त्याहून महत्त्वाची असते त्या पाण्याची तपासणी. त्यात दर घन मिलिमीटरला 250 हून अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी आढळल्या, तर जंतुसंसर्ग मानून प्रतिजैविके लगेच सुरू करावी लागतात. काकांना भ्रम झाला होता तो डाळीमुळे नव्हे, तर याच संसर्गामुळे आणि चार दिवस शौचाला न झाल्यामुळे, हे एका सिरिंजभर पाण्याने सांगितले. प्रतिजैविके आणि शौचाला साफ करणारे लॅक्टुलोज हे औषध सुरू झाले, आणि ते नीट गिळू लागताच आहारतज्ज्ञांनी पहिली सूचना दिली ती वरण पुन्हा ताटात वाढण्याची.