ह्यांचा गोवा कुठला?

परवा आणखी एक हिंदी सिनेमा बघितला आणि डोकंच फिरलं. हिरो शापोऱ्याच्या किल्ल्यावरून जीप काढतो, पुढच्याच वळणावर दूधसागर! अरे बाबा, मध्ये अख्खा गोवा आहे! आणि गोंयकार म्हणजे काय, तर फुलाफुलांचा शर्ट, हातात बाटली, वाक्यागणिक ‘मॅन’. आमच्या फोंड्यात कोण बोलतं असं? सत्तरी, सांगे हे तालुके ह्यांच्या नकाशात नाहीतच. देवळाच्या जत्रेला रात्रभर मराठी नाटक बघणारे आम्ही काय चंद्रावरचे? पाऊस तर ह्यांच्या गोव्यात पडतच नाही. (इथे जुलैत चादरी वाळत नाहीत!) २००४पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरतो. ही सिनेमावाली मंडळी येतात, शीत-हुमण (भात आणि माशाचं कालवण) हाणतात, फोटो काढतात, जातात. एकदा तरी फोंड्याची कदंब बस पकडलीत का?