४ टक्के मालकी, १०० टक्के रुबाब

परवा बाबांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे बघ रे, कसलातरी मेल. फ्रॉड असेल, डिलीट कर." फ्रॉड नव्हता. त्यांचे चाळीसेक शेअर पडून आहेत त्या कंपनीचं ई-व्होटिंग होतं. सोसायटीच्या जनरल बॉडीत पाण्याच्या टाकीच्या बिलावरून सेक्रेटरीला घाम फोडणाऱ्या या माणसाने कंपनीच्या सभेत कधी मतच दिलेलं नाही!

मला झी एंटरटेनमेंट आठवली. सप्टेंबर २०२१. प्रवर्तक, म्हणजे कंपनी उभी करून चालवणाऱ्या, सुभाष चंद्रा कुटुंबाकडे उरले होते जेमतेम ४ टक्के शेअर, बाकीचे कर्ज फेडताना हातचे गेले. इन्व्हेस्को हा अमेरिकी फंड आणि त्याचा जोडीदार फंड यांच्याकडे जवळपास १८ टक्के. त्यांनी नोटीस काढली: एमडी पुनीत गोएंकांना (चंद्रांचे चिरंजीव) संचालक मंडळावरून काढा, आम्ही सुचवतो ते सहा स्वतंत्र संचालक घ्या, विशेष सभा बोलवा. कंपनी कायद्याच्या कलम १०० प्रमाणे १० टक्क्यांचा मालक अशी सभा मागू शकतो. मंडळ म्हणालं, नाही बोलवत. झाली कोर्टबाजी सुरू.

चंद्रांना तेव्हा ईस्ट इंडिया कंपनी आठवली. अहो, २०१९ मध्ये याच इन्व्हेस्कोशी ११ टक्के शेअरचा ४,२२४ कोटींचा सौदा केलात, तेव्हा नाही आठवली? पैसे देताना गुंतवणूकदार, हिशोब मागितला की गोरा साहेब.

अर्थात इन्व्हेस्कोही काही संत नव्हे. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सभेवरची स्थगिती उठवली, आणि दोनच दिवसांत यांनी मागणीच मागे घेतली. झीचं सोनीबरोबर विलीनीकरण ठरलं होतं, त्याने आपलं काम होईल म्हणे. पुढे शेअर विकून मोकळे झाले. जानेवारी २०२४ मध्ये सोनीने सौदा मोडला, तेव्हा भोगायला उरले छोटे भागधारक. या फंडांचा मला राग आहे तो इथे. भांडण लावतात आणि भाव मिळाला की उठून जातात.

पण भांडण लावलं हे बरंच झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये, इन्व्हेस्को नसताना, गोएंकांची संचालक म्हणून फेरनियुक्ती भागधारकांनी फेटाळली. काठावर, पण फेटाळली. (सीईओ तेच राहिले, हेही आहेच.) जुलै २०२५ मध्ये प्रवर्तकांना वॉरंट (ठरलेल्या भावाने पुढे नवे शेअर घेण्याचा हक्क) देण्याच्या ठरावाला ७५ टक्के मतं लागत होती, पडली साठाच्या आसपास. तोही पडला.

ही मतं मोठ्या प्रमाणावर म्युच्युअल फंडांसारख्या गुंतवणूकदार संस्थांची असतात. एप्रिल २०२२ पासून शेअर बाजाराची नियंत्रक असलेल्या सेबीने म्युच्युअल फंडांना प्रत्येक ठरावावर मतदान सक्तीचं केलंय. म्हणजे तुमच्या एसआयपीच्या पैशावर कोणीतरी हो-नाही म्हणतंय. काय म्हणालं ते फंडाच्या वेबसाइटवर असतं. कधी बघितलंत? मीही गेल्या वर्षीच पहिल्यांदा बघितलं.

बाबांचं लॉगिन करून दिलं. सहा ठराव होते. पाच त्यांनी चहा संपायच्या आत उरकले. सहावा एमडींच्या पगारवाढीचा. चष्मा पुसून दोनदा वाचला, मग म्हणाले, "विरोधाचं बटण कुठलं?"