डॅशबोर्डखालचा कर्णा

ठाण्यातल्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात ‘गाडीला हॉर्न बसवायचाय’ म्हटलं, की पोरगा ट्रकचा प्रेशर हॉर्न काढून दाखवतो. ‘आत वाजणारा हवाय, गाण्यांसाठी’ म्हटलं, की तो मालकाला हाक मारतो. दोष त्याचा नाही. मांडवाबाहेर खांबाला टांगायची वस्तू माणूस स्वतःच्या गुडघ्यांशी का बांधून घेतो, हे मलाही धड सांगता येत नाही.

मागे कॉम्प्रेशन ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा डबा, पुढे सुपासारखं पसरट तोंड. अशी एकेक वस्तू डॅशबोर्डच्या पोटाला, होईल तितकी दरवाजांकडे सरकवून लावायची. त्यामुळे गाणं समोर रुंद पसरल्यासारखं ऐकू येतं. पण त्या पोटाखाली आधीच चाळीतल्यासारखी वस्ती असते. उजवीकडे फ्यूज बॉक्स, स्कॅनरचं सॉकेट आणि बॉनेट उघडायचा खटका. डावीकडे ग्लोव्ह बॉक्स, त्याच्यामागे ब्लोअर आणि एसीचा फिल्टर. म्हणून आधी पुठ्ठ्याचा साचा कापून जागी धरायचा आणि क्लच दाबून-सोडून बघायचा, तोही रोजच्या बुटांनिशी. क्लच सोडताना पाय वर येतो आणि बुटाचं टोक हॉर्नच्या कडेला अडकतं. हे कापूरबावडीच्या सिग्नलला कळण्यापेक्षा पार्किंगमध्ये कळलेलं बरं.

‘केबल टायने बांधून देतो, हलणार नाही’ असं कोणी म्हटलं तर आभार मानून निघावं. हॉर्न प्लास्टिकला नाही, डॅशमागच्या लोखंडी दांड्याला पट्टी आणि नट-बोल्टने आवळायचा. ड्रिल चालवण्यापूर्वी हॉर्नच्या घशावर टेप लावायची. आत चुंबक आहे. लोखंडाचा कीस त्याच्याकडे लग्नाच्या पंगतीला धावल्यासारखा धावतो, आणि एक कण अडकला तरी प्रत्येक ‘स’ खरखरतो. डावीकडे एसीच्या पाण्याची नळीही तपासा. ती तुंबली की पाणी नेमकं हॉर्नच्या नव्या ड्रायव्हरवर टपकतं.

आणि मग खरी गंमत. दारातला साडेसहा इंची स्पीकर एका वॅटला एका मीटरवर साधारण ९० डेसिबल देतो, हॉर्न १०५. पंधरा डेसिबलचा फरक म्हणजे जवळजवळ तीसपट ताकद. दाराला ६० वॅट घातले तर हॉर्नला २ पुरतात. म्हणजे एवढी मोडतोड करून सगळ्यात मोठ्या आवाजाची वस्तू आणायची आणि पुढचे चार रविवार तिला गप्प करण्यात घालवायचे.

कारण हॉर्न पक्का चुगलखोर. अ‍ॅम्प्लिफायरची जी ‘सुस्स’ दारातून कधीच ऐकू आली नाही, ती इथे कुकरसारखी ऐकू येते. गेन, म्हणजे आवाज किती चढवायचा ती चकती, तळाला न्या. तरी राहिली तर ड्रायव्हरआधी एल-पॅड, म्हणजे आवाज दाबणारी रेझिस्टरची जोडी, लावा. अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी आली तर ग्राउंड, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली निगेटिव्ह वायर, बघा: रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर, सगळ्यांचा एकाच ठिकाणी. गाण्यांचा सिग्नल नेणारी आरसीए वायर एका बाजूने, बॅटरीची वायर दुसऱ्या बाजूने.

क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर हॉर्नकडे जाऊ द्यायचे नाहीत ती हद्द, १००० हर्ट्झच्या आसपास, दर सप्तकाला २४ डेसिबलचा उतार. शिवाय ८ ओहमच्या ड्रायव्हरला ४७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलराइज्ड कपॅसिटर सिरीजमध्ये, बेस अडवायला. लोक इथे पैसे वाचवतात. मग डीएसपीच्या (आवाज डिजिटली जुळवणाऱ्या डब्याच्या) सेटिंगमध्ये एकदा चुकीचं बटण दाबलं जातं, पूर्ण बेस हॉर्नमध्ये शिरतो आणि डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, ‘फट्’ म्हणून निरोप घेतो.

शेवटी डिले, म्हणजे दोन्ही बाजूंचे आवाज कानाशी एकदम पोचावेत म्हणून जवळच्याला थोडं थांबवणं. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. उजवा हॉर्न कानाला ४० सेंटिमीटरने जवळ असेल, तर त्याला सुमारे १.२ मिलिसेकंद थांबवायचं. हे काम रात्री सोसायटीत करू नये. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि सेक्रेटरीचे कान हॉर्नपेक्षाही तिखट.

त्यापेक्षा रात्री नवी मुंबईतला पाम बीच रोड गाठावा. रस्ता गुळगुळीत, काचा वर. सगळं जमलं असेल तर गायिका बरोब्बर बॉनेटवर उभी राहते. मग ढोलकीची पहिली थाप पडते आणि डॅशमध्ये कुठेतरी चिल्लर खुळखुळते. टोलसाठी ठेवलेली. हलक्या गाड्यांचा मुंबईचा टोल २०२४ मध्ये माफ झाला, पण ती अजून तिथेच आहे.

ती शोधायला वाकावं, तर डावीकडून आत्या विचारते, ‘काय रे, ह्या फळीवर पाय टेकवले तर चालतील ना?’