सावकारावर लिहिणं म्हणजे शेतीवरच लिहिणं

‘दीनमित्र’ हे वृत्तपत्र चालवणारे मुकुंदराव पाटील हे समाजसुधारक पत्रकार, त्यांना कृषी पत्रकार म्हणणं ओढूनताणून आहे, हे कृषी पत्रकारितेवरच्या एका लेखातलं वाक्य मला बिलकूल पटलं नाही. १९१० साली सुरू केलेलं हे वृत्तपत्र त्यांनी नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून चालवलं. सावकार आणि गावचं दप्तर सांभाळणारा कुलकर्णी कुणब्याला कसे नागवतात ते त्यांनी लिहिलं. शेतीवर लिहिणं याहून वेगळं काय असतं? आणि वडील कोण, तर १८७७ मध्ये ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र काढणारे कृष्णराव भालेकर! त्यांचा लेखात उल्लेखही नाही.

आमच्या यवतमाळकडच्या घरात दाराच्या आतल्या बाजूला बाबांनी खळीनं चिकटवलेलं एक कात्रण अजून आहे. पाच टक्के निंबोळी अर्काचं : पाच किलो निंबोळीचा चुरा रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, शंभर लिटर पाणी करा. कडा पिवळ्या पडल्यात, पण आई अजून तेच पाहून अर्क करते. अशा माहितीची किंमत मला पुरती ठाऊक आहे. पण २०१७ ला बोंडअळीनं पऱ्हाटी गेली. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि काळपट रुई. त्या साली बाबा रोज पेपरात दुसरंच शोधायचे. पीककर्जाचं पुनर्गठन होणार का, पंचनामा कोण करणार, मदतीच्या यादीत नाव नसलं तर जायचं कुठं. कास्तकाराला हेही तितकंच लागतं, आणि मुकुंदरावांनी तेच लिहिलं.