आमच्या पैशानं यांची थेरं?

शाळेच्या ग्रुपवर आज एकाने टाकलं, "समलिंगींनी मजा मारायची आणि त्यांच्या प्रेपच्या गोळ्या आमच्या करातून?" खाली अंगठ्यांची रांग. तिथे तोंड उघडलं तर भांडणच होईल, म्हणून इथे लिहितोय. तुम्ही आपली माणसं, तुम्हाला 'समलिंगी असणं हा आजार नाही' इथपासून सांगायला नको.

प्रेप म्हणजे एचआयव्ही नसलेल्याने तो होऊ नये म्हणून घ्यायचं औषध. अमेरिकेत २०१२ पासून मान्य आहे. नेमाने घेतलं तर शरीरसंबंधातून लागण होण्याचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी घटतो.

माझा एक मित्र (त्याला विचारून लिहितोय) हेच औषध मागायला डॉक्टरांकडे गेला होता. त्यांनी मान वरही न करता विचारलं, "लग्न का करत नाही?" तो उठून आला, परत कुणाकडे गेला नाही. पुढे लागण झालीच. आता रोज गोळी, जन्मभर, वर तपासण्या. वाचले का करदात्यांचे पैसे?

इंग्लंडमध्ये २०१६ साली हाच तमाशा झाला. प्रेपचा खर्च उचलणं आमच्या अधिकारात बसत नाही, असं तिथली सरकारी आरोग्यसेवा म्हणाली. नॅशनल एड्स ट्रस्ट ही एचआयव्हीवर काम करणारी संस्था कोर्टात गेली, जिंकली, अपिलातही जिंकली. तेवढ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ताटकळणाऱ्या म्हाताऱ्यांची आणि प्रेप मागणाऱ्या समलिंगींची झुंज लावणारे मथळेही छापून झाले. नियमित सेवेत औषध यायला २०२० उजाडलं. मधल्या वर्षांत माझ्या मित्रासारखे किती जण हकनाक अडकले असतील!

आणि 'त्यांच्या' गोळ्या म्हणजे कुणाच्या? जगात एचआयव्हीसह जगणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका आणि मुली आहेत. त्यांनीही मजाच मारली का?

खर्चाचा प्रश्न खोटा नाही, मान्य. प्रेपने बाकीचे गुप्तरोग थांबत नाहीत, कंडोम लागतोच, तेही मान्य. पण मग जाब कंपन्यांना विचारा ना! लेनाकापाविर नावाचं प्रेपचंच नवं औषध आहे, वर्षातून दोनच इंजेक्शनं. अमेरिकेत वर्षाची छापील किंमत २८ हजार डॉलरच्या वर. त्याचंच जेनेरिक गरीब देशांना २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरच्या आसपास द्यायचे करार झालेत. मधले हजारो डॉलर कुणाच्या थेरांपायी?

ग्रुपवरच्या त्या माणसावरचा राग आता थोडा निवळलाय. आईच्या डायलिसिसने तो पुरता पिचलाय. त्याला पैशाचा हिशोब सुचणारच. फक्त चुकीच्या माणसाच्या नावावर मांडतोय.

मित्र ठणठणीत आहे. विषाणू इतका दबलाय की तपासणीत सापडत नाही, म्हणजे शरीरसंबंधातून त्याच्याकडून कुणाला लागणही होत नाही. औषधाची ताकद ही. त्या दिवशी चिठ्ठी लिहून दिली असती तर हेही लागलं नसतं, हे आठवलं की माझं डोकं पुन्हा फिरतं.

तेव्हा इथल्या डॉक्टर मंडळींनो, कुणी प्रेप मागायला आलं तर आधी एचआयव्हीची चाचणी करा, किडनी तपासा, औषध लिहून द्या. स्थळं सुचवायला त्याच्या मावश्या आहेत.